काळी लोकर, घोंगडी आणि तिची घराणी

महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, म्हणजे माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, कवठे महांकाळ, सांगोला आणि माळशिरस या तालुक्यांत, शेतीच्या जोडीने मेंढपाळीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्या मुलखात वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही वेळेवर पडेल याची शाश्वती नसते, तेथे पीक बुडाले तरी कळप तरतो हा शेतकऱ्याचा अनुभव आहे. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ साली प्रसिद्ध झालेली ‘बनगरवाडी’ ज्यांनी वाचली आहे त्यांना या मुलखाची आणि तेथील धनगर समाजाची ओळख निराळी करून देण्याचे कारण नाही.

मेंढीपासून तीन प्रकारचे उत्पन्न मिळते: मांस, खत आणि लोकर. पैकी मांसाला आज चांगला भाव आहे. खताचे मोल तर कोकणातील भातशेतकऱ्यापासून देशावरील बागायतदारापर्यंत सर्वांना ठाऊक आहे; शेतात मेंढरे बसविण्याबद्दल धान्य अगर रोख रक्कम आनंदाने दिली जाते. राहिली लोकर. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीतून भरून निघत नाही, अशी तक्रार आज जवळजवळ प्रत्येक वाड्यावर ऐकू येते. पुष्कळ मेंढपाळ लोकर कातरून ती बांधावर अथवा ओढ्यात टाकून देतात. उन्हाळ्यात मेंढीला उकाडा होऊ नये व अंगावर गोचीड माजू नये, एवढ्यासाठीच ते कातरतात.

याच मुलखात, अशा टाकलेल्या लोकरीपासून चार-सहा मैलांच्या अंतरावर, घोंगडी विणणाऱ्यांची जुनी घरे आहेत आणि त्यांच्या मागावर चढवावयास लोकर नाही. ही विसंगती प्रथम माझ्या लक्षात आली तेव्हा तिच्यावर माझा विश्वास बसला नाही. लोकर फुकट जाते आहे आणि लोकर मिळत नाही, ही दोन्ही विधाने एकाच तालुक्यात एकाच वेळी खरी कशी असू शकतील? ती खरी आहेत. त्याचे कारण समजून घ्यावयाचे तर लोकरीची जात आणि घोंगडीची घडण या दोन्ही गोष्टी थोड्या बारकाईने पाहाव्या लागतात.

दख्खनी मेंढी व तिची लोकर

आपल्या पठारावरील मूळ मेंढी ती दख्खनी. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी अथवा सांगोला आणि कोल्हापुरी असे तिचे स्थानिक पोटप्रकार ओळखले जातात. ही मेंढी अंगाने लहान, रंगाने बहुधा काळी किंवा काळ्यावर पांढरे ठिपके असलेली, मजल दरमजल चालण्यास काटक आणि कुसळी गवतावर गुजराण करणारी. तिची लोकर भरड असते. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. परदेशी मेरिनो मेंढीचा तंतू २० मायक्रॉनच्या आसपास असतो. दख्खनी मेंढीचा सामान्यतः ४० ते ५०, कधी त्याहूनही जाड. एका कातरणीस एका मेंढीपासून अर्धा किलो किंवा त्याहूनही कमी लोकर मिळते, आणि कातरणी वर्षातून दोन वेळा होते: एक जून-जुलैच्या सुमारास व दुसरी पावसाळा सरल्यावर.

हे आकडे वाचून ‘मग ही लोकर कमी प्रतीची’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. विद्यार्थिदशेत आम्हीही तोच काढला होता. मेरिनो व रॅम्बुले या बारीक लोकरीच्या जातींशी दख्खनीचा संकर करून लोकर सुधारण्याचे प्रयोग राज्यात झाले, त्यांच्या मुळाशीही हाच विचार होता. सुयांवर स्वेटर विणावयाचा असेल तर तो विचार बरोबर आहे. अंगाला लागून राहणाऱ्या विणीस मऊ व लवचिक धागा हवा, आणि दख्खनीचा धागा मानेला टोचतो. परंतु आपल्याकडील लोकरीचे विणकाम हे सुयांवरचे नव्हेच, ते मागावरचे आहे. घोंगडी अंथरावयाची, खांद्यावर टाकावयाची, पावसात डोक्यावर खोळ करून घ्यावयाची, बैलगाडीत धान्याखाली पसरावयाची. तिला भरड, लांब आणि चिवट तंतूच लागतो. मेरिनोची घोंगडी केली तर ती बाभळीच्या पहिल्याच काट्याला अडकून उसवेल.

याच लोकरीत एक मऊ प्रतही असते. कोकराची पहिली कातरण ती ‘जावळ’. मुलाच्या पहिल्या केसांना जो शब्द, तोच कोकराच्या पहिल्या लोकरीस, आणि तितक्याच मायेने वापरला जातो. जावळाची घोंगडी मऊ, हलकी आणि किमतीने सर्वांत जास्त असते. एका कोकरापासून एकदाच मिळणारी ही लोकर साठवून एक घोंगडी पुरी करण्यास पुष्कळ कोकरे लागतात. म्हणून पूर्वी अशी घोंगडी घरातील वडीलधाऱ्या माणसासाठी किंवा जावयाच्या मानासाठी होत असे.

कातरणीपासून मागापर्यंत

धनगर समाजातील खुटेकर आणि सांगली, सातारा, सोलापूर भागातील सणगर ही घोंगडी विणणारी मंडळी. खुटेकर हे नाव ताणा ताणण्याच्या खुंटांवरून पडले असे सांगतात. मेंढरे एका घरी आणि माग दुसऱ्या घरी, अशी ही विभागणी असली तरी दोन्ही घरांचा संबंध केवळ खरेदी-विक्रीचा नव्हता. गेल्या आषाढात माण तालुक्यातील एका गावी मातीचे नमुने घेण्याच्या निमित्ताने गेलो असता पावसाने अडकलो आणि एका विणकराच्या ओसरीवर दोन तास बसावे लागले. त्या घरातील वृद्ध आजींनी जे सांगितले त्यावरून ही जुनी पद्धत मला नीट समजली. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी ठराविक मेंढपाळांची लोकर ठराविक विणकराकडेच येई. विणकर तिच्या घोंगड्या करी, निम्म्या मेंढपाळास परत देई आणि निम्म्या आपल्या मजुरीपोटी ठेवून बाजारात विकी. पैशाचा व्यवहार जवळजवळ नव्हता. मेंढपाळ आपलीच लोकर आपल्या अंगावर घ्यावयाची आहे हे जाणून असे, त्यामुळे तो ती जपून कातरी व स्वच्छ आणून देई. या शेवटच्या वाक्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण पुढील बिघाडाचे मूळ त्यात आहे.

कातरणीच्या आधी मेंढरे ओढ्याच्या वाहत्या पाण्यातून काढीत आणि अंग वाळेपर्यंत एक-दोन दिवस स्वच्छ जागी ठेवीत. कातरणी हे भावकीचे काम असे. आज तुझ्या वाड्यावर, उद्या माझ्या. मेंढीचे पाय बांधून, तिला आडवी करून, कातडीला कातर न लागू देता लोकर एकाच छेदात उतरविणे हे कसब आहे. नवखा माणूस एकाच जागी दोनदा कातर फिरवितो. त्यामुळे लांब तंतूचे दोन तुकडे होतात आणि आखूड तुकडा सुताला निरुपयोगी ठरतो.

लोकर घरी आली की तिची निवड होते. काळी, पांढरी, करडी असे ढीग निराळे पडतात. घोंगडीला रंग द्यावा लागत नाही. मेंढीचा रंग तोच घोंगडीचा रंग, आणि तो धुण्याने जात नाही. काळ्या लोकरीची टोके उन्हाने तांबूस होतात, ती जाणता माणूस ओळखतो व बाण्यात वापरतो. निवडीनंतर काटे, कुसळे व माती झटकून लोकर धनुकलीने पिंजतात, तिचे पेळू करतात आणि मग सूतकताई सुरू होते.

सूत कातणे हे बव्हंशी स्त्रियांचे काम. पुरुष मेंढरामागे चालता चालता टकळीवर थोडेफार कातीत, परंतु घोंगडीचे खरे सूत घरी, रहाटावर, सासूने सुनेला शिकविलेल्या हाताने निघे. ताण्याचे सूत घट्ट पिळाचे व सारख्या जाडीचे हवे. बाण्याचे थोडे सैल चालते, किंबहुना सैलच बरे, कारण त्यामुळे घोंगडी भरदार होते व ऊब धरते. हा फरक कोणत्याही पुस्तकात लिहिलेला मी पाहिला नाही. आजींना तो मी विचारला तेव्हा त्यांनी उत्तर न देता माझ्या हातात दोन धागे दिले आणि डोळे मिटून ओळखावयास सांगितले. मला ओळखता आले नाहीत. त्यांची आठ-नऊ वर्षांची नात जवळ बसली होती, तिने ते तत्काळ ओळखले.

पुढचे काम खळीचे. चिंचोके भाजून, भिजवून, टरफले काढून वाटतात आणि शिजवून खळ करतात. गल्लीत दोन टोकांस खुंट ठोकून त्यावर ताणा ताणतात आणि कुंच्याने ही खळ सर्व धाग्यांना सारखी लावतात. याला कोरडे ऊन लागते. ढगाळ हवेत ताणा चिकट राहतो, फार कडक उन्हात धागा कडकडीत होऊन तुटतो. खळ लावण्यास घरची सर्व माणसे लागतात, मुलेसुद्धा. घराणे टिकते ते मागावर नव्हे, या खळीच्या कामात टिकते असे मला वाटले. कारण मागावर एकच माणूस बसतो, परंतु खळ एकट्याने लागत नाही.

माग हा खड्ड्याचा. विणकर जमिनीच्या पातळीवर बसून पाय खड्ड्यात सोडतो व पावड्या दाबतो. धोटा हाताने फेकावयाचा व फणीने ठोकावयाचे. घोंगडी उतरली की दोन्ही टोकांस दशा राखतात. दोन ते अडीच किलो वजनाची एक घोंगडी धरली आणि साफसफाईतील घट वजा केली, तर माझ्या हिशेबाने सहा मेंढ्यांची एक कातरण एका घोंगडीस लागते. हा हिशेब मी आजींना सांगितला तेव्हा त्या नुसत्या हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला पुढे कळला.

घोंगडीचे गुण

लोकर हवेतील ओलावा शोषून घेते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओलावा घेऊनही ती हाताला ओली लागत नाही, आणि ओलावा शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. रिमझिम पावसात मेंढपाळ घोंगडीखाली उबदार राहतो याचे हे शास्त्रीय कारण होय. भरड धाग्यावरील नैसर्गिक मेणामुळे पावसाचे थेंब काही वेळ वरच राहतात. शेकोटीची ठिणगी पडली तर लोकर करपते, परंतु सुती किंवा कृत्रिम धाग्याप्रमाणे सहसा भडकत नाही. उघड्या रानात विस्तवाशेजारी झोपणाऱ्या माणसास हा गुण लहान नाही.

तिचे दोषही सांगितले पाहिजेत. मुसळधार पावसात ती एकदा पुरी भिजली की फार जड होते आणि लवकर वाळत नाही. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला असावा, आणि शासकीय कचेरीत काम करणाऱ्या लेखकाने त्यावर अधिक भाष्य न करणे बरे! नवी घोंगडी खळीमुळे ताठ असते, अंगाला टोचते, आणि पहिल्या पावसात तिला मेंढीचा वास येतो. शहरी गिऱ्हाईक येथेच नाक मुरडते.

देवाधर्मातही घोंगडीचे स्थान मोठे आहे. बिरोबाच्या पूजेत देवाची बैठक घोंगडीवर मांडतात. गावकीचा निवाडा घोंगडी पसरून होत असे. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोली येथे विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा व खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. विठ्ठलाच्या उपासनेचा धनगर-गवळी समाजाशी असलेला संबंध डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात विस्ताराने दाखविला आहे. ज्या देवाच्या अंगावरून लोकर उधळली जाते, त्याच्याच भक्तांच्या वाड्यावर ती आज ओझे झाली आहे.

कळप बदलला

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पानिपतच्या गिरण्यांतील स्वस्त ब्लँकेटे आणि त्यानंतर कृत्रिम धाग्याची पांघरुणे बाजारात आली आणि घोंगडीचा खप कमी झाला, हे खरे. प्लॅस्टिकचा कागद पावसाला पुरतो, हेही खरे. परंतु एवढ्याने माग बंद पडले नसते. घोंगडी मागणारे गिऱ्हाईक अजून आहे, आणि अलीकडे शहरांतूनही मागणी येते. माग बंद पडले ते लोकर बदलल्यामुळे.

मांसाला भाव चढला तसा मेंढपाळाने वजनदार कोकरांचा मार्ग धरला. जत तालुक्यातील माडग्याळ या गावाच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी उंच, लांब पायांची, फुगीर नाकाची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपक्यांची असते व तिची कोकरे झपाट्याने वाढतात. तिच्या अंगावर लोकर कमी आणि केस अधिक. असे मेंढे दख्खनी कळपांत सोडले गेले. येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या भागात नव्याने रुजू झालो त्या वर्षी शेतकरी मेळाव्यांतून मी स्वतः, पशुसंवर्धन हा माझा विषय नसतानाही, ‘मेंढा बदला, कोकराचे वजन वाढवा’ असे हिरिरीने सांगत असे. उत्पन्नाच्या दृष्टीने तो सल्ला चुकीचा नव्हता. पुष्कळांनी तो मानला आणि त्यांना लाभही झाला. परंतु लोकरीचे काय होईल हा प्रश्न मी एकाही मेळाव्यात विचारला नाही, आणि मला कोणी विचारलाही नाही, कारण विणकर मेळाव्याला येत नव्हते.

संकरित मेंढीच्या अंगावर लोकर व केस मिसळून येतात. केस गुळगुळीत व ठिसूळ असल्याने पिळात बसत नाही. सुतातून सुटून बाहेर येतो किंवा ताण्यावर तुटतो. असे सूत खळ धरीत नाही. शिवाय रंग मिश्र होतो, आणि काळ्या घोंगडीत पांढरे केस चमकतात. लोकर बिघडली, म्हणून विणकराने घेणे सोडले. विणकर घेत नाही, म्हणून मेंढपाळाने ती जपून कातरणे सोडले. जमिनीवर, कुसळात, मातीत कातरलेली, पोट-पायांच्या मळक्या लोकरीसह एकाच पोत्यात कोंबलेली लोकर मग कोणत्याच व्यापाऱ्याला नको होते. दर पडतो तो याने. ज्याच्या अंगावर ती पुन्हा यावयाची होती त्यानेच जपणे सोडले, तेथे हे चक्र सुरू झाले.

त्या ओसरीवर मी आजींना विचारले होते, ‘आजी, तुमच्या नंतर सूत कोण कातणार?’ माझी समजूत अशी की नवी पिढी शिकत नाही, म्हणून कला बुडते; लेखांतून आपण असेच वाचतो. आजी म्हणाल्या, ‘सायेब, सुनंला कातता येतंय, नातीलाबी येतंय. पर कातायचं काय?’ कोपऱ्यातील पोते त्यांनी उघडून दाखविले. त्यातील लोकर मुठीत घेऊन पिळली तर निम्मे केस हातात सुटत होते. रहाट भिंतीला टेकून ठेवलेला होता.

मेंढपाळ बंधूंनी काय करावे

सर्व कळप पुन्हा काळा करा असा सल्ला मी देणार नाही. मांसाचे उत्पन्न सोडा असे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु शंभर मेंढ्यांच्या कळपात तीस-चाळीस चांगल्या काळ्या दख्खनी मेंढ्या निवडून त्यांच्यासाठी काळा दख्खनी मेंढाच वापरणे अशक्य नाही. मेंढा निवडताना त्याची पाठ, मांडी व शेपटीजवळची लोकर फाकून पाहावी. मांडीवर केस दाट दिसले तर तो मेंढा लोकरीसाठी ठेवू नये. वेताच्या हंगामात हे दोन गट वेगळे ठेवणे वाघर लावणाऱ्या मेंढपाळास अवघड नसावे. उत्पन्न वाढविण्यासाठी जात बदलणे हाच एक उपाय नाही, हेही ध्यानात घ्यावे. बंगालमधील गरोल मेंढीत असलेला जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणण्याचे काम फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने केले आहे. राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ साली सुरू झाली, तीत २० मेंढ्या व १ मेंढा असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद करण्यात आली. असा गट घेताना मेंढा कोणता, याचा विचार घेणाऱ्यानेच अगोदर करावयास हवा.

कातरणीविषयी थोडेच सांगावयाचे आहे. ताडपत्री किंवा जुनी घोंगडी अंथरून तिच्यावर कातरावे, कुसळ्या रानात कातरू नये. पाठीची व खांद्याची लोकर एका पोत्यात, पोट-पायांची दुसऱ्यात, आणि जावळ तर निराळ्या फडक्यातच बांधावे. ओलसर लोकर पोत्यात भरल्यास ती आतून तापते, पिवळी पडते व कुजते. म्हणून एक दिवस सावलीत पसरून मगच भरावी. विक्री एकेकट्याने करण्यापेक्षा वाड्यावरील चार-पाच घरांनी एका रंगाची लोकर एकत्र करून विणकराकडे थेट न्यावी.

जी लोकर खरोखरच सुतास निरुपयोगी आहे ती ओढ्यात टाकू नये. स्वच्छ लोकरीत नत्राचे प्रमाण सुमारे १५ टक्के असते व गंधकही बरेच असते, परंतु ती फार सावकाश कुजते. शेणखताच्या खड्ड्यात पातळ थर देऊन, चांगले पाणी मारून ती मुरविल्यास उत्तम. डाळिंबाच्या आळ्यात खोडापासून वीतभर दूर मातीखाली पसरली तर ओल धरून ठेवण्यासही तिचा उपयोग होतो. वर उघडी टाकू नये, वाऱ्याने उडते.

ज्यांच्या घरी जुनी घोंगडी आहे त्यांनी ती गरम पाण्यात व साबणाच्या पुडीत भिजवू नये. लोकर आवळते व घट्ट होते. थंड पाण्यात रिठ्याच्या फेसाने हलकेच धुवावी, पिळू नये, सावलीत आडवी पसरून वाळवावी. कसर लागू नये म्हणून पावसाळा संपताच दोन दिवस ऊन दाखवून, झटकून, घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावी. वर्षानुवर्षे पेटीत बंद ठेवलेल्या घोंगडीला कसर हमखास लागते, रोज वापरातल्या घोंगडीला सहसा लागत नाही.

आषाढातील त्या भेटीनंतर मी दोन मेंढपाळांस त्या विणकराच्या घरी नेले. दोघांचीही घरे तेथून फार दूर नव्हती, तथापि एकमेकांशी बोलणे कैक वर्षांत झाले नव्हते. पावसाळ्यानंतरच्या कातरणीस त्यांनी ४० काळ्या मेंढ्या वेगळ्या काढल्या, ताडपत्रीवर कातरल्या आणि १८ किलो लोकर दोन पोत्यांत भरून आणून दिली. आजींनी ती ओसरीवर ओतली आणि दुपारभर बसून निवडली. सुमारे तिसरा हिस्सा त्यांनी मांडीमागे सारला. उरलेल्याच्या चार घोंगड्या झाल्या. म्हणजे कागदावर मी सहा मेंढ्यांची एक घोंगडी धरली होती, ती प्रत्यक्षात दहा मेंढ्यांची पडली. चारपैकी दोन घोंगड्या मेंढपाळांनी जुन्या रिवाजाप्रमाणे वाटणी म्हणून उचलल्या. त्यांतील एकाने ती तेथेच उलगडून, उजेडात धरून, ताण्यात कोठे पांढरा केस राहिला आहे काय हे पाहिले. एक सापडला. तो उपटून त्याने आजींच्या हातात ठेवला, आणि पुढच्या कातरणीच्या वेळी कोणता मेंढा कळपातून काढावयाचा याची बोलणी दोघे मेंढपाळ परतीच्या वाटेवर करीत गेले.